क्षेत्र कशाने होते? गोदाकाठच्या गंगाखेडचा विचार

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातले, गोदावरीच्या काठावरचे तालुक्याचे गाव. परभणीपासून ते दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. परळी वैजनाथकडे जाणारा लोहमार्ग गोदावरी ओलांडून इथे पोहोचतो. गावाला नगरपरिषद आहे, मोठा बाजार आहे, आणि भोवती कापूस, सोयाबीन, तूर नि ज्वारीची काळी रानं आहेत. मराठवाड्याला समुद्र नाही. इथल्या माणसाला किनारा ठाऊक आहे तो नदीचा, आणि त्या काठच्या पट्ट्याला तो गंगथडी म्हणतो. पोळ्याला बैल धुवायचे, सोमवती अमावास्येला आंघोळ करायची, अधिक महिन्यात सासुरवाशिणीला घेऊन दर्शनाला जायचे, घरातले माणूस गेले की त्याच्या अस्थी सोडायच्या, या सगळ्यासाठी पावले ‘गंगेवर’च वळतात.

गंगाखेडला ‘दक्षिण काशी’ म्हणण्याची रीत आहे. हाच मान पैठणला मिळतो, नाशिकला मिळतो, कृष्णाकाठच्या वाईलाही मिळतो. एकच काशी इतक्या ठिकाणी असू शकते, याचा अर्थ पावित्र्य एका जागेला खिळलेले नसते, ते दुसरीकडे नेता येते, असे लोक मानतात. पण मग ते नेमके कशात असते? मातीत, पाण्यात, की तिथे राहून गेलेल्या माणसात? हिंदू परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे, आणि तिची उत्तरे एकमुखी नाहीत.

स्कंदपुराणातल्या काशीखंडात याचे एक नेटके उत्तर आहे. शरीराचे काही अवयव जसे अधिक शुद्ध मानले जातात तसेच पृथ्वीचे काही भाग अधिक पुण्यमय असतात, असे तिथे म्हटले आहे, आणि त्याची तीन कारणे दिली आहेत : भूमीचा अद्भुत प्रभाव, पाण्याचे तेज आणि मुनींनी त्या जागेचा केलेला परिग्रह, म्हणजे स्वीकार. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थांचा जो मोठा विचार केला आहे, त्यातही ही कारणे येतात. पहिली दोन निसर्गाची आहेत. तिसरे माणसाचे आहे, आणि सगळा पेच तिथेच आहे. जागा पवित्र म्हणून मुनी तिथे आले, की मुनी आले म्हणून जागा पवित्र झाली?

भूमीचा विचार गंगाखेडच्या बाबतीत लवकर आटोपतो. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी आहे, वेरूळला लेणी कोरावी असा कडा आहे. गंगाखेडला तसे काही नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणावर साचलेली काळी, चिकट माती आणि तिला कापत गेलेले नदीचे पात्र, एवढेच इथले भूरूप. डोळे दिपवील असे काही नसताना या गावाला क्षेत्राचा मान मिळाला, तेव्हा कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

पाण्याचा दावा मोठा आहे. गोदावरी त्र्यंबकजवळ उगम पावते आणि १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. परभणी जिल्ह्यात ती पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांतून किंवा त्यांच्या कडेने वाहते. ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्यात तिच्या काठच्या तीर्थांची लांबच लांब मालिका आहे. तिच्या उगमाची कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. गौतम ऋषींवर गोहत्येचा आळ आला. ती गाय मायावी होती आणि आळ कपटाने आणला होता. तरीही गौतमांनी दोष अंगावर घेतला आणि तो धुण्यासाठी तप करून शिवाच्या जटेतली गंगा खाली आणली. दक्षिणेची गंगा म्हणून जी पूजली जाते ती नदी, कथेपुरते तरी, एका निरपराध माणसाने पत्करलेल्या प्रायश्चित्तातून वाहू लागली. पाण्याचे तेज म्हणावे तर त्याच्या मुळाशी माणसाचे तपच निघते.

हे पाणी गंगाखेडच्या घाटावर काय काम करते ते दहाव्याच्या विधीत दिसते. मुलगा डोके भादरून, ओल्या धोतराने उत्तरेकडच्या पाण्यात उतरतो. दर्भ, तीळ, भाताचे पिंड, मातीचे मडके असे मोजके सामान असते. गुरुजी मंत्र सांगतात, नावनिशी आणि गोत्र विचारतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. मग पिंड मांडून सगळे मागे सरतात आणि कावळ्याची वाट पाहतात. तो लवकर आला नाही तर घरातले वडीलधारे पुढे होऊन गेलेल्या माणसाला मोठ्याने शब्द देतात : लेकीचे लग्न करू, कर्ज फेडू, आईला सांभाळू. कावळा शिवला की सगळ्यांचा श्वास सुटतो. या विधीत नदी साक्षीला असते आणि वचन माणसे देतात. पिंडाला कावळा का शिवतो, याचे उत्तर कोणी काहीही देवो; चार लोकांसमोर दिलेल्या त्या शब्दाचे बंधन घरी गेल्यावरही राहते.

नुसत्या पाण्याने माणूस शुद्ध होतो हे मात्र काशीखंडालाही मान्य नाही. ज्या अध्यायात भूमी, पाणी आणि परिग्रह ही तीन कारणे आहेत, त्याच अध्यायात मानस तीर्थांची यादी आहे : सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह, भूतदया, सरळपणा, दान. तीर्थाच्या पाण्यात जन्मून तिथेच मरणारे मासे काही स्वर्गाला जात नाहीत, हे तिथेच सांगितले आहे. महाभारताच्या वनपर्वातही तीर्थांचे फळ कोणाला मिळते हे सांगताना हात, पाय आणि मन ताब्यात असलेल्या माणसाचे नाव आधी येते. तीर्थांचे माहात्म्य गाणाऱ्या ग्रंथांनीच तीर्थांना ही अट घातली आहे. पुराणांवर टीका करणारे आणि पुराणे डोळे मिटून मानणारे, दोघांच्याही नजरेतून ही गोष्ट बहुधा सुटते.

गोदावरीच्या काठी ही अट पुढे फार धारदार झाली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी याच काठाने भ्रमण केले. प्रसिद्ध क्षेत्रांच्या वाटेला जाऊ नका, असे त्यांनी अनुयायांना बजावले. पण त्यांच्या मागे महानुभाव पंथाने ते जिथे बसले, जेवले, निजले ती ठिकाणे ‘स्थान’ म्हणून जपली, ‘स्थानपोथी’त त्यांची नोंद केली आणि तिथे ओटे बांधले. देवळे आणि नद्या मागे पडल्या, पण जागा सुटली नाही. पाण्याच्या ऐवजी अवताराचा संबंध हे पावित्र्याचे कारण झाले. काशीखंडातल्या तीन कारणांपैकी दोन टाकून एकच ठेवले, असेही याला म्हणता येईल.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांची कथा त्याच दिशेने आणखी पुढे जाते. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला वाहायची असते, आणि वाटेत वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसते. नाथ कावड त्याच्या तोंडी रिकामी करतात. पाण्याचे पावित्र्य इथे नाकारलेले नाही. उलट ते इतके खरे मानले आहे की तहानेला ते नाकारणे हाच अधर्म ठरतो. पाणी कुठून आले यापेक्षा ते कुठे गेले याला महत्त्व देणारी ही कथा पैठणच्या वाळवंटातून गंगथडीच्या घराघरांत पोहोचली आहे. कीर्तनकार ती सांगू लागले की लहान मुलेही गाढवाच्या बाजूची होतात.

तिसरे कारण परिग्रहाचे, आणि गंगाखेडचा खरा आधार तोच. परंपरेनुसार संत जनाबाईंचा जन्म गंगाखेडला झाला. वडिलांचे नाव दमा आणि आईचे करुंड. लहानपणीच वडिलांनी त्यांना पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवले. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. पुढचे सगळे आयुष्य त्या घरात दळण, कांडण, झाडलोट, धुणे, पाणी आणि शेण-गोवऱ्या करण्यात गेले. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. ते नामदेवांच्या गाथेबरोबर छापले जातात, आणि ‘नामयाची दासी’ ही त्यांची मुद्रा आहे. १३५० मध्ये, नामदेवांच्याच दिवशी, पंढरपूरच्या महाद्वारात त्यांनी देह ठेवला, असे वारकरी मानतात. पंढरपूरजवळ गोपाळपूरला त्यांचे जाते म्हणून एक जाते दाखवले जाते. गंगाखेडला गोदावरीच्या काठी त्यांचे मंदिर आहे.

मुनींचा परिग्रह म्हणजे त्यांनी जागा निवडणे, तिथे राहणे, तप करणे. जनाबाईंनी गंगाखेड निवडले नव्हते. पंढरपूरही त्यांनी निवडले नव्हते. गरीब घरातली एक मुलगी दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवली गेली, एवढेच घडले. तप म्हणावे तर ते जात्यावर झाले. पहाटे उठून जात्याच्या तोंडात घास सोडायचा, खुंटा धरून पाळी ओढायची, पीठ गोळा करायचे, पुन्हा घास सोडायचा. जो हात खुंट्यावर आहे त्याला जपमाळ धरता येत नाही, म्हणून नाम ओवीत गेले. विठ्ठल त्यांच्याबरोबर दळू लागतो, शेणी वेचतो, केस विंचरतो, अशा कथा आहेत. भक्त देवाकडे जातो ही तीर्थयात्रेची दिशा या कथांत उलटलेली आहे, कारण कामकरणीला देवळात जायला वेळ नाही.

कबीराची कथा याच्याही पुढची. जनाबाईंना भेटायला आलेल्या कबीराला त्या शेणाच्या गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडताना दिसतात. तुझ्या गोवऱ्या कोणत्या हे कसे ओळखायचे, असे तो विचारतो. कानाला लावून ज्यांतून विठ्ठल ऐकू येईल त्या माझ्या, असे त्या सांगतात. कबीर जनाबाईंच्या नंतरच्या काळात झाला, त्यामुळे इतिहास म्हणून ही भेट टिकत नाही. विचार म्हणून ती पक्की आहे. ज्या हाताने गोवरी थापली त्याचे नाम तिच्यात उतरले, मग ती कोणत्या गावच्या उकिरड्यावर पडली आहे हे विचारायचे कारण उरत नाही.

म्हणजे क्षेत्राचे तिसरे कारण ज्यांच्यामुळे गंगाखेडला लागू होते, त्यांचे स्वतःचे जीवन जागेच्या पावित्र्याला फारसा आधार देत नाही. त्यांच्या गुरुपरंपरेत हा विचार आधीच रुजला होता. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर औंढा नागनाथला भेटले अशी कथा आहे. औंढा तेव्हा गंगाखेडच्याच मुलखातले, आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले नामदेवांना दिसले. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले. नामदेवांनी पाय जिथे जिथे ठेवले तिथे तिथे पिंड उमटली. हीच कथा मक्केच्या संदर्भात गुरू नानकांबद्दल सांगितली जाते. नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि गंगाखेडच्या खालच्या अंगाला याच गोदावरीच्या काठी, नांदेडला, १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांचे देहावसान झाले. एका नदीच्या काठाने दोन परंपरांनी एकच प्रश्न हाताळावा, याचे नवल वाटते.

संताच्या जन्मस्थानाला मग अर्थ काय? परभणी जिल्ह्यात हा प्रश्न नुसता चर्चेचा राहिलेला नाही. पाथरी हे साईबाबांचे जन्मगाव, असा तिथल्या लोकांचा विश्वास आहे आणि तिथे जन्मस्थान मंदिर आहे. वि. बा. खेर यांनी या परंपरेचा शोध घेऊन लिहिले. शिर्डीकरांचे म्हणणे असे की बाबांनी आपली जात, धर्म, गाव कधी उघड केले नाही, आणि ते न सांगणे हाच त्यांच्या शिकवणुकीचा भाग होता. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली तेव्हा वाद पेटला आणि १९ जानेवारीला शिर्डीत बंद पाळला गेला. दोन्ही गावांची भक्ती खरी आहे. पण ज्या फकिराने स्वतःचा पत्ता पुसून टाकला, त्याच्या पत्त्यावरून दोन गावे भांडली, ही खंत राहतेच.

गंगाखेडच्या वाट्याला असा वाद आला नाही. जनाबाईंवर पंढरपूरही हक्क सांगते, पण जन्म गंगाखेडचा हे पंढरपूर मानते. त्यामुळे इथे एक वेगळा अर्थ लावायला वाव राहतो. मुनींनी जागा स्वीकारली म्हणून ती तीर्थ झाली, हे सूत्र गंगाखेडने उलटे चालवले आहे. गावाने मुनीला स्वीकारले, तेही जनाबाई गाव सोडून गेल्यावर. जी मुलगी इथे राहू शकली नाही, जिला पोटासाठी आणि देवासाठी दुसरीकडे ठेवावे लागले, तिला गावाने ‘आमची’ म्हटले. हा परिग्रह एकदाच घडून संपत नाही. दर पिढीने तो नव्याने करायचा असतो, आणि पिढी चुकली तर तो सुटतो. दगडी घाट आणि देऊळ तेवढे मागे उरते. म्हणून क्षेत्राचे पावित्र्य हा जागेचा गुण मानण्यापेक्षा ती जागेबद्दल माणसांनी पत्करलेली जबाबदारी मानणे अधिक रास्त आहे. तेव्हा काशीखंडातले तिसरे कारण पहिल्या दोहोंवर मात करते.

असे मानले की दोन अवघड गोष्टींना सामोरे जावे लागते. पहिली, पाण्यावर हक्क कोणाचा. याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिकला, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. जी गंगा सगळ्यांचे पाप धुते असे म्हटले जाई तिच्या काठचे देऊळ अस्पृश्यांना बंद होते. चोखोबा आणि जनाबाई यांना संत म्हणून डोक्यावर घेणाऱ्या समाजाने त्यांच्यासारख्यांना दाराबाहेर ठेवले. परिग्रह अर्धा असू शकतो, नावाचा स्वीकार आणि माणसाचा नकार, हे नाशिकने दाखवले. संतांची नावे देऊन गावे पवित्र करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लागू आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची स्वतःची. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ पासून नदीला अडवते. त्याखाली परभणी जिल्ह्यात ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, मुळी आणि डिग्रस असे बंधारे आहेत. पूर्वी वाहणारी नदी आता वर्षातला बराच काळ बंधाऱ्यांमागे थांबलेली असते. उन्हाळ्यात पात्रात वाळू, झुडपे आणि मधूनमधून डोह. वाळू उपसली जाते, तेव्हा डोहांचा आकार बदलतो आणि पाण्याचा मुरवा घटतो. काठच्या गावांचे सांडपाणी उरलेल्या पाण्यात मिसळते. पावसाळ्यात मात्र हीच नदी काठ गिळते; ऑगस्ट २००६ च्या महापुराने गंगथडीला हे पुन्हा दाखवले. धरणाने शेती आणि पिण्याचे पाणी दिले हे खरे आहे, आणि ते कोणी नाकारू नये. पण ‘पाण्याचे तेज’ हे कारण आता धरणाच्या दारांवर आणि पाण्याच्या आवर्तनांवर अवलंबून आहे. सोमवतीला घाटावर पुरेसे पाणी असेल की नाही, हे पंचांगावरून सांगता येत नाही.

धर्मशास्त्राने पाणी नसेल तेव्हाची सोय केली आहे. मंत्रस्नान आहे, भस्मस्नान आहे, मनाने ईश्वराचे ध्यान करण्याचे मानसस्नान आहे. आजारी माणसाला, प्रवाशाला, दुष्काळात सापडलेल्याला ती पुरतात. जे पाणी आपणच घाण केले त्याला पर्याय म्हणून ती वापरणे मात्र शास्त्राच्या हेतूबाहेरचे आहे. पाणी मिळत नाही आणि पाणी राखले नाही, या दोन गोष्टींत धर्माच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

नदीला स्वतःचे हक्क द्यावेत असा विचार अलीकडे जगात इतरत्र झाला आहे. न्यूझीलंडने २०१७ मध्ये कायदा करून व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. त्यामागे माओरी लोकांची नदी म्हणजे पूर्वज ही श्रद्धा होती. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना व्यक्ती ठरवले, पण जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. भारतात देवाची मूर्ती खटला लढवू शकते, मग मूर्तीला ज्या नदीचे पाणी वाहतात ती का नाही, हा प्रश्न त्या निमित्ताने पुढे आला. गोदावरीला तो दर्जा नाही. तिच्या वतीने बोलण्याचे काम काठच्या संस्थांकडेच राहते.

त्या संस्थांत पहिली नगरपरिषद. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ चा आहे. त्यात नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांत रस्ते झाडणे, दिवाबत्ती, गटारे, पिण्याचे पाणी आणि मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा ही कामे येतात. यादीत पुण्य हा शब्द नाही, आणि असायचे कारणही नाही. पण दशक्रियेला आलेल्या कुटुंबाला पाण्यात उतरता येते की गाळात, बायकांना कपडे बदलायला आडोसा मिळतो की नाही, राख सोडल्यावर ती वाहते की तिथेच थांबते, हे त्या यादीवर ठरते. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणीहून गंगाखेडमार्गे परळी, अंबाजोगाईकडे जाते. त्या एका मुक्कामात हजारो पावले गावात येतात, आणि गाव जेवण, पाणी, झोपायला जागा यांची सोय करते. त्या दिवशी घरासमोर सडा घालणारी बाई, टँकरवर उभा असलेला नळवाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रस्ते झाडणारा सफाई कामगार ही क्षेत्र चालवणारी माणसे आहेत. यातल्या झाडणाऱ्याचे काम जनाबाईंच्या कामाच्या सर्वांत जवळचे आहे, पण त्याच्या हातातल्या झाडूला तेवढा मान अजून मिळालेला नाही. काशीखंडात मुनींच्या परिग्रहाचा उल्लेख आहे. गोदाकाठी त्या यादीत झाडू आणि गटार साफ करणाऱ्यांनाही घालावे लागेल, कारण पाणी तीर्थ म्हणून टिकले तर ते त्यांच्यामुळे टिकेल.